चादरी नकोत, पंगतीत जागा द्या

वाचक भगिनीचं पत्र :

आदरणीय ताई, सप्रेम सलाम.

मी आमच्या मंडळीच्या महिला मंडळाची सचिव आहे. दर नाताळाच्या आधी आम्ही गावाबाहेरच्या कुष्ठवसाहतीत जातो. चादरी, फळं, साबण वाटतो, दोन गीतं गातो, प्रार्थना करतो आणि परततो. गेल्या खेपेला तिथल्या एका मावशींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, चादरी पुष्कळ झाल्या. एका नाताळाला तुमच्या चर्चमध्ये येऊन तुमच्याबरोबर प्रभुभोजन घ्यायचंय. माझा बाप्तिस्मा तिथलाच आहे." तरुणपणी रोग झाल्यावर घरच्यांनी त्यांना वसाहतीत आणून सोडलं होतं. त्या बऱ्या झाल्यालाही आता जमाना झाला.

मी हा विषय पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, ठेवला आणि नको ते झालं. आमच्याकडे प्रभुभोजनात द्राक्षारसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरतो, त्यामुळे लोक म्हणाले, लहान मुलं आहेत, धोका कशाला? कोणी म्हणालं, त्यांना त्यांचं चर्च आहे ना, पाळकसाहेब तिकडे जातातच. मंडळीच्या एका वडिलांनी (एल्डरनी) बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय, कुष्ठरोग्याला छावणीबाहेर ठेवण्याविषयीचा, वाचून दाखवला. शेवटी तडजोड निघाली की त्यांनी यावं, पण मागच्या बाकावर बसावं आणि सगळ्यांचं झाल्यावर त्यांना द्यावं. माझ्या सासूबाई म्हणतात, ते लोक आले तर मी त्या दिवशी प्याल्याला तोंड लावणार नाही. माझे पती खजिनदार आहेत. त्यांचं म्हणणं, मंडळी फुटेल, तू गप्प बस.

आणि एक गोष्ट कोणाला सांगितली नाही ती तुम्हाला सांगते. मावशींनी हात धरला तेव्हा मी तो काढून घेतला. घरी येऊन दोनदा साबणाने धुतला. मग रडले. मी कसली ख्रिस्ती? मी काय करू?

– एक भगिनी, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर :

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

मावशींचा बाप्तिस्मा तुमच्याच चर्चमध्ये झाला, हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. मला मात्र सगळा प्रश्न त्या ओळीतच दिसतो. मावशी पाहुण्या म्हणून आमंत्रण मागत नाहीत. त्या तुमच्या मंडळीच्या आहेत. आजारपणात घराबाहेर गेलेलं माणूस बरं झाल्यावर घरी येऊ म्हणतं, तेव्हा घरातली माणसं मतदान घेत बसतात का? कमिटीपुढे विषय आला तो "यांना येऊ द्यायचं की नाही" या रूपात आला, आणि चूक तिथेच झाली. खरा प्रश्न असा होता : आपल्या एका भगिनीला आपण इतकी वर्षं बाहेर का ठेवलं?

मी परिचारिका म्हणून पुष्कळ वर्षं कुष्ठरोग विभागात काम केलं आहे, त्यामुळे आधी प्याल्याचं बोलते. भीती प्रामाणिक असेल तर तिला प्रामाणिक उत्तर मिळायला हवं.

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. ते जंतू हान्सेन नावाच्या नॉर्वेजियन डॉक्टरांना १८७३ साली सापडले. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या थेंबांतून, तेही दीर्घकाळच्या निकट सहवासात, ते दुसऱ्याकडे जातात. हात मिळवल्याने, शेजारी बसल्याने, एका पंगतीत जेवल्याने हा रोग होत नाही. बहुतेक माणसांच्या, म्हणजे शंभरातल्या सुमारे पंचाण्णवांच्या अंगात त्याच्याशी लढण्याची ताकद मुळातच असते. १९८० च्या दशकात आपल्याकडे बहुविध औषधोपचार आला. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही तीन औषधं, सहा महिने किंवा वर्षभर, सरकारी दवाखान्यात मोफत. पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याचं थांबतं. तुमच्या मावशींचा उपचार कधीच पूर्ण झालेला आहे. त्यांच्यापासून तुमच्या मुलांना कुष्ठरोग होण्याची शक्यता नाही. प्याल्यातून नाही, भाकरीतून नाही, बाकावरूनही नाही.

"पण त्यांच्या बोटांकडे पाहा ना," असं लोक म्हणतात. बोटं झडलेली दिसली की रोग अजून अंगात आहे असं वाटतं. तसं नसतं. हा रोग मज्जातंतूंना इजा करतो आणि त्या भागाची संवेदना जाते. मग तव्याचा चटका कळत नाही, चपलेतला खडा टोचत नाही, जखम चिघळली तरी दुखत नाही. पॉल ब्रँड हे ख्रिस्ती शल्यविशारद १९४६ पासून वेल्लोरला काम करत होते. कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करताना त्यांनी हे बारकाईने पाहिलं आणि जगाला पटवून दिलं : हातपाय जातात ते मुख्यतः वेदना न कळल्यामुळे, वर्षानुवर्षांच्या न जाणवलेल्या इजांमुळे. काही रुग्णांची बोटं तर रात्री झोपेत उंदीर कुरतडत, आणि त्यांना जाग येत नसे. म्हणून ब्रँड यांनी रुग्णांना मांजरं पाळायला दिली. मावशींच्या हातावर जे दिसतं ते जुन्या इजांचे वण आहेत. भाजलेला हात जसा कोणाला लागत नाही, तसा तोही लागत नाही.

याची दुसरी बाजू कमिटीला आवर्जून सांगा, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही. जगात दरवर्षी कुष्ठरोगाचे जे नवे रुग्ण सापडतात त्यांतले निम्म्याहून अधिक आजही आपल्या देशातले असतात. एक फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा एवढीच सुरुवात असते. तो वेळीच दाखवला तर माणूस काहीही व्यंग न येता बरा होतो. पण मावशींना चर्चच्या दारातून परत पाठवलेलं ज्या मुलीने पाहिलं, ती उद्या आपल्या पाठीवरचा चट्टा आईलाही दाखवेल का? लपवेल. लपवलेला, उपचार न झालेला रोगच पसरतो. तेव्हा मुलांच्या काळजीने बोलणाऱ्यांना सांगा, की मुलांच्या काळजीसाठीच मावशींना पुढच्या बाकावर बसवा.

आता शास्त्राकडे येते.

लेवीयचा तेरावा अध्याय वाचणाऱ्या वडिलांना नम्रपणे विनंती करा की एक पान उलटून चौदावाही वाचावा. तेराव्यात रुग्णाला छावणीबाहेर काढलं आहे, हे खरं. पण चौदावा अध्याय संपूर्णपणे त्याला परत आणण्याविषयी आहे. बरा झालेला माणूस स्वतः दार ठोठावत येत नाही. याजकाने छावणीबाहेर त्याच्याकडे जायचं, त्याला पाहायचं, तो शुद्ध आहे असं जाहीर करायचं, आणि आठव्या दिवशी तो परमेश्वरासमोर सगळ्यांच्या बरोबरीने उभा राहतो. मोशेच्या नियमशास्त्रातसुद्धा बाहेर जाण्याच्या वाटेसोबत परतीची वाट आखलेली होती. आपण पहिली तेवढी पाठ केली. (आणि तेराव्या अध्यायातला चट्टा कपड्यावरही पडतो, चौदाव्यात घराच्या भिंतीवरही. तेव्हा तिथे सांगितलेलं सगळं म्हणजे आजचा कुष्ठरोग, असं धरून चालणंच चुकीचं आहे.)

मार्कच्या पहिल्या अध्यायात कुष्ठरोगी गुडघे टेकतो, तेव्हा प्रभूला त्याचा कळवळा येतो आणि तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. हे आपण रविवारच्या शाळेपासून ऐकतो. त्यापुढचं फारसं वाचलं जात नाही. प्रभू त्याला सांगतो, जाऊन स्वतःला याजकाला दाखव. म्हणजे कातडी बरी होऊन काम संपत नाही, समाजाने त्याला आपल्यात घेतल्याचं जाहीर व्हायला हवं. मावशींचं अर्धं काम डॉक्टरांनी कधीच केलं. उरलेलं अर्धं तुमच्या कमिटीकडे पडून आहे. आणि त्या प्रसंगाच्या शेवटच्या ओवीत काय होतं पाहा : बरा झालेला माणूस गावात बोलत फिरतो, आणि प्रभूला गावात उघडपणे जाता येत नाही, तो बाहेर ओसाड जागी राहतो. दोघांच्या जागा बदलल्या. तुमच्याकडून एवढं कोणी मागत नाही. फादर डेमियन हे बेल्जियन धर्मगुरू १८७३ साली हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या कुष्ठवसाहतीत गेले, तिथल्या लोकांसोबत राहिले, त्यांनाही तोच रोग झाला आणि १८८९ साली ते तिथेच वारले. तेव्हा औषध नव्हतं. आज त्या धैर्याचीसुद्धा गरज उरलेली नाही. फक्त बाकावर थोडं सरकून बसायचं आहे.

तडजोडीबद्दल मात्र मी कठोर बोलणार आहे. "मागे बसवा, शेवटी द्या" यापेक्षा "येऊ नका" म्हणणं बरं. निदान त्यात प्रभुभोजनाचं नाव तरी मधे येत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी तुमचे पाळकसाहेब जे शब्द वाचतात, "ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले," ते पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातले आहेत. पौलाने ते लिहिले कशासाठी? तो त्या मंडळीवर रागावला होता म्हणून. करिंथमध्ये खाऊनपिऊन सुखी असलेले लोक आधी जेवून घेत, आणि गरीब उपाशी राहत. पौल विचारतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? आणि सांगतो, एकमेकांसाठी थांबा. ज्या शब्दांनी आपण प्याला उचलतो ते शब्दच मुळात "काहींना आधी, काहींना शेवटी" या प्रकाराविरुद्ध लिहिले गेले आहेत. ते वाचून झाल्यावर मावशींना रांगेच्या शेवटी उभं करायचं? मागच्या बाकाचं उत्तर याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला "तू तिथे उभा राहा", हे तो फार स्वच्छ शब्दांत नाकारतो. पाळकसाहेबांना म्हणावं, डिसेंबरात या दोन अध्यायांवर उपदेश करा. कोणाचं नाव घ्यायची गरज पडणार नाही.

कोणीतरी सुचवेल की छोटे छोटे वेगवेगळे प्याले आणू या, प्रश्नच मिटला. पुष्कळ मंडळ्यांत तसे प्याले आहेत आणि त्यात वावगं काही नाही. पण मावशी येणार त्याच वर्षी तुम्ही प्याले बदललेत तर ते कशामुळे बदलले हे चर्चमधल्या प्रत्येकाला कळेल, आणि मावशींना सर्वांत आधी. बदलायचेच असतील तर नंतर कधीतरी, वेगळ्या कारणाने बदला. या नाताळाला तोच जुना प्याला फिरू दे.

"आम्ही एवढी सेवा करतो" असंही कोणीतरी म्हणेल. ते खोटं नाही. ख्रिस्ती लोकांनी कुष्ठरुग्णांसाठी पुष्कळ केलं. वेल्स्ली बेली या आयरिश मिशनरींनी १८६९ साली अंबाल्याला कुष्ठरुग्णांची स्थिती पाहिली आणि १८७४ साली त्यातून कुष्ठरुग्णांसाठीचं मिशन उभं राहिलं. आपल्याकडे मिरजेला, अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्याला इस्पितळं झाली. ज्यांना घरचे गोठ्यातही ठेवत नव्हते त्यांच्या जखमा तिथे रोज धुतल्या गेल्या. त्या हातांपुढे मी आजही नतमस्तक होते. पण त्याच सेवेने भिंतीही बांधल्या, हेही सांगायला हवं. औषध नव्हतं त्या काळात वेगळं ठेवणं हाच उपाय मानत. पुष्कळ आश्रमांत पुरुष आणि बायका वेगळ्या ठेवत, निरोगी मुलांना आईबापांपासून दूर वाढवत. सरकारने १८९८ साली कायदाच केला, भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबण्याचा. रोगाला औषध आलं, रुग्ण बरे झाले, तरी तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकात २०१९ पर्यंत होतं, आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातसुद्धा. संसदेने ते काढलं. वसाहतीतलं वेगळं चर्च हे त्याच जुन्या काळाचं आहे. सरकारने आपली भिंत पाडली, मग मंडळीने आपली का राखावी?

सेवा कशी असावी याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, केडगावला आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवा आणल्या, तेव्हा त्या उपाशी होत्या, आजारी होत्या, काहींची फार विटंबना झालेली होती. रमाबाईंनी त्यांना जेवू घातलं, पण तिथे थांबल्या नाहीत. त्यांना लिहायला शिकवलं, अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय झाली, विणकाम, शेती, छापखाना त्यांच्या हाती दिला. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं ते केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात याच बायकांनी छापलं. दुष्काळात कोणी टाकून दिलेल्या मुलीने शास्त्राचे खिळे जुळवले. तुमच्या महिला मंडळाने मावशींना आजवर कोणतं काम दिलं? त्यांच्याकडून कधी वर्गणी घेतली? दानार्पणाची थैली वसाहतीत फिरवली? शास्त्रपाठ वाचायला कोणाला उभं केलं? ज्याच्याकडून आपण काही घेत नाही त्याला आपण आपल्यातलं मानत नाही. मावशींना "चादरी पुष्कळ झाल्या" असं म्हणावं लागलं ते यामुळे.

आणि तुम्हाला एक थेट विचारते. इतकी वर्षं जाता, त्यांच्या घरचा चहा कधी घेतलात? बहुधा "वेळ नाही, पुढे जायचंय" असं म्हणून निघाला असाल. प्रभू बेथानीत शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी जेवायला बसला होता, आणि बाईने मौल्यवान तेलाची कुपी त्याच्या मस्तकावर ओतली ती त्याच घरात. कुष्ठरोग्याला त्याने काही दिलं असं तिथे लिहिलेलं नाही. त्याच्या घरचं तो जेवला, एवढंच लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपण सहसा मोठ्याने बोलत नाही. आपल्यातल्या पुष्कळांच्या आजा-पणजांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं. विहिरीला हात लावता येत नव्हता, देवळात जाता येत नव्हतं. ते मंडळीत आले त्याचं एक मोठं कारण हे होतं की इथे सगळे एका भाकरीतून, एका प्याल्यातून घेत. त्यांच्यासाठीही कोणीतरी सरकून बसलं होतं, आणि ते सरकून बसणंही सगळ्यांना गोड लागलं नव्हतं. तो एकच प्याला आपल्याला वारशात मिळाला आहे. त्याच्यावरून आता आपण कोणाला बाहेर उभं करावं, हे मला सोसत नाही.

आता तुमच्या हाताविषयी.

हात काढून घेतलात म्हणून तुम्ही ख्रिस्ती नाही असं समजू नका. विभागात येणाऱ्या नव्या परिचारिकांचा हात पहिल्या दिवशी आखडायचाच. लहानपणापासून ऐकलेलं अंगात इतकं मुरलेलं असतं की मन पुढे जातं आणि हात मागे राहतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई नंतर त्यांच्याकडे नगरला येऊन राहिल्या तरी त्यांचं सोवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी बराच काळ सुटलं नव्हतं. पुढे त्यांनी स्वतःच ते सगळं मनमोकळेपणाने लिहून ठेवलं. सवय विचाराने सुटत नाही, दुसऱ्या सवयीने सुटते. नाताळाची वाट न पाहता जा. महिला मंडळाला घेऊन नाही, सामान घेऊन नाही, एकट्या जा. मावशींच्या घरी बसा, चहा घ्या. निघताना त्यांचा हात आपणहून हातात घ्या. त्या हाताला कदाचित तुमचा स्पर्श जाणवणार नाही, म्हणून त्यांच्या डोळ्यांकडे बघून बोला. दुसऱ्यांदा सोपं जाईल. मागच्या वेळी हात काढून घेतल्याबद्दल माफी मागायची की नाही हे तुम्ही तिथे गेल्यावर ठरवा. मला विचाराल तर मागू नका. माफी मागून आपलं ओझं उतरतं आणि आपली समजूत घालायचं काम त्यांच्यावर पडतं.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांच्या लहानपणी या रोगाला आजच्यासारखं खात्रीचं औषध नव्हतं. लेकराला वसाहतीच्या रस्त्यानेही जाऊ देऊ नये, असं शहाणी माणसंच सांगत. त्यांची भीती त्या काळात शिकलेली आहे, आणि नंतर कोणी ती पुसली नाही. वाद घालू नका. तालुक्याच्या दवाखान्यातल्या कुष्ठरोग तंत्रज्ञांना किंवा तुमच्या भागातल्या आशाताईंना घरी बोलवा, त्यांना सासूबाईंशी बोलू द्या. सुनेचं ऐकण्यापेक्षा सरकारी माणसाचं ऐकणं त्यांना सोपं जाईल. आणि विचारा, मावशींचं माहेरचं नाव काय होतं? बाप्तिस्मा तुमच्याच चर्चमधला असेल तर दोघी कदाचित एकाच रविवारच्या शाळेत बसलेल्या असतील.

पतींचं म्हणणं मी हलकं समजत नाही. मंडळी फुटण्याचं दुःख मी पाहिलं आहे. म्हणून हा विषय पुन्हा सभेत नेऊन हात वर करायला लावू नका. मतदान झालं की माणसं भूमिकेला चिकटतात. तुम्ही आणि तुमचे पती, दोघं पाळकसाहेबांना घरी जाऊन भेटा. प्रभुभोजनाला कोण येऊ शकतं हे ठरवायला नवा ठराव लागत नाही. मावशींचा बाप्तिस्मा झालेला आहे, आणि दृढीकरण (मंडळीत पूर्ण सभासद म्हणून स्वीकार) झालं होतं का ते जुन्या रजिस्टरात कळेल. रजिस्टर काढायला लावा. पिवळ्या पडलेल्या पानावर मावशींचं नाव सापडलं की अर्धी चर्चा तिथेच संपेल. विरोध करणाऱ्यांतल्या एकदोघांना, शक्य तर ते लेवीय वाचणारे वडील त्यांत असावेत, वसाहतीच्या चर्चमध्ये एखाद्या रविवारी उपासनेला घेऊन जा. तिथले लोक गीतं फार जीव ओतून गातात, हे मी अनेक वसाहतींत अनुभवलं आहे. ते चर्च बंद करून सगळ्यांना इकडे आणायचं, असं मात्र कोणी सुचवलं तर थांबवा. ते त्यांचं आहे, त्यांनी उभं ठेवलं आहे. जाणं-येणं दोन्ही बाजूंनी हवं.

मावशींना खोटी आशा देऊ नका. सध्या काय चाललंय ते त्यांना खरं सांगा. त्यांच्याबरोबर आणखी कोणाला यायचंय का, हेही त्यांनाच विचारा. काहींना यायचं नसेल. लोकांच्या नजरा पुष्कळ झेलल्या आहेत त्यांनी. त्यांचं "नको" तेवढंच मानाने घ्या.

आणि त्या आल्या, तर काही लहान गोष्टी आधी बघून ठेवा. प्रीतिभोजनाला तुम्ही सतरंजीवर बसत असाल तर त्यांच्यासाठी बाक किंवा खुर्ची ठेवा. बधिर पायाने मांडी घालून बसलं की घोट्याला जखम होते. पण ते बाक बाकीच्या म्हाताऱ्यांच्या मधे असू दे. चपला बाहेर काढायची पद्धत असेल तर त्यांना पायात राहू द्या. एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपलेशिवाय चार पावलंही त्यांना महाग पडतात. ने-आण करायला गाडी हवी, चालत येणं नको. उपासनेनंतरचा चहा स्टीलच्या पेल्यात देऊ नका, हात भाजेल आणि त्यांना कळणारही नाही. कान असलेला कप द्या, आणि सगळ्यांनाच तसे द्या. प्रीतिभोजनात ताट हातात देऊन उभं करू नका. फोटो कोणी काढायचे नाहीत, हे तरुण संघाला आधीच बजावून ठेवा. पुढे बोलावून शाल घालणं, टाळ्या वाजवणं, "आज आपल्यामध्ये विशेष पाहुणे" असलं काही नको. उपासनेतल्या सूचनांच्या वेळी नाव घ्यायचंच असेल तर नव्याने परतलेल्या सभासदाचं घेतात तसं घ्यावं. पुढच्या महिन्यापासून त्यांच्याकडूनही मासिक वर्गणी घ्यावी, दोन रुपये का असेना, आणि त्यांची पावती तुमच्या पतींनी फाडावी.

हे सगळं करूनही मंडळी नाहीच म्हणेल, असंही होऊ शकतं. तसं झालं तर या नाताळाला तुम्ही वसाहतीच्या चर्चमध्ये जा आणि मावशींच्या शेजारी बसून प्रभुभोजन घ्या. कोणाला दाखवण्यासाठी नको, निषेधाचं पत्र लिहून नको. कोणी विचारलं तर एवढंच सांगा की माझ्या मंडळीतली एक भगिनी तिथे आहे म्हणून मी तिथे गेले होते. महिला मंडळातली एखादी दुसरी येते म्हणाली तर तिलाही घ्या. चादरी या वर्षी नेऊ नका. आणि मंडळीच्या वार्षिक सभेच्या आधी पाळकसाहेबांना पुन्हा भेटा, रजिस्टरचं ते पान सोबत घेऊन.